चप्पल पायात कशी राहते?

घरातली साधी स्लीपर पायात घाला आणि अंगणात चार पावलं चाला. ती निसटली का? नाही ना? पण का नाही निसटली? तिला मागे पट्टा नाही, बक्कल नाही, नाडी नाही. दर पावलाला टाच चपलेपासून सुटते, तरी चप्पल निमूट आपल्याबरोबर येते. कारण पाऊल उचलताना बोटं तिला हळूच धरतात, पाय पुढे जाताना पंजा घोट्यातून वर उचलला जातो आणि पाऊल टेकलं की पकड सैल होते. वाशीमच्या बाजारात एक फेरी मारली की ही धरसोड हजार-दोन हजार वेळा होते. आपलं लक्ष मात्र सगळं वांग्याच्या भावाकडे!

हे केवढं मोठं काम आहे, हे कळायला ज्याची चप्पल पायात राहत नाही अशा माणसाकडे पाहावं लागतं.

समजा, रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. पळण्याच्या शर्यतीत नेहमी शेवटचा. सपाट रस्त्यावर अडखळतो. चालता चालता एक चप्पल मागे राहते आणि ते त्याला चार पावलांनी कळतं. घरचे ओरडतात, "काऊन अडखळून राह्यला रे? पाय उचलून चाल ना बाप्पा!" तेव्हा ओट्यावर बसलेली आजी म्हणते, "त्याच्या आजाचे पाय असेच होते. आपल्या घराण्याचेच पाय असे."

आजीने एका वाक्यात जे सांगितलं, ते कागदावर यायला १८८६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये ज्याँ-मार्तँ शार्को आणि त्यांचा शिष्य पिएर मारी यांनी, आणि इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ या तरुण डॉक्टरने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे घराण्याचे पाय नोंदवले. पावलांपासून सुरू होणारा अशक्तपणा, बारीक होत जाणाऱ्या पोटऱ्या, मग हात, आणि हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून आजाराचं नाव पडलं शार्को-मारी-टूथ, थोडक्यात सीएमटी. 'टूथ' ऐकून दातांचा आजार वाटतो, पण दातांचा इथे काही संबंध नाही. उलट तिघांत मुळावर बोट ठेवलं ते टूथनेच. दोष मज्जारज्जूत नाही, तिथून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंत आहे, असं त्याने लिहिलं आणि ते खरं निघालं.

हा काही लाखात एखाद्याचा आजार नाही. साधारण अडीच हजार माणसांमागे एकाला तो असतो, असं मानलं जातं. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. तेच प्रमाण इथे लावून पाहिलं, तर एवढ्या एका जिल्ह्यात पावणेपाचशेच्या आसपास माणसं निघतात. त्यांतल्या कितीजणांना आपल्या पायांचं नाव ठाऊक असेल? बहुतेकांना गाव 'पोलिओवाला' म्हणून मोकळं झालं असेल.

आता मुख्य प्रश्न. सुरुवात पायांपासूनच का?

पायाचा अंगठा हलवा. हा हुकूम देणारी पेशी पायात नसते. ती असते पाठीच्या कण्यात, कमरेच्या जरा वर. तिच्यातून एक तंतू निघतो आणि मांडीतून, गुडघ्यामागून, पोटरीतून पार तळव्यातल्या स्नायूपर्यंत जातो. मध्ये सांधा नाही, दुसरी पेशी नाही. एकच पेशी, सुमारे एक मीटर लांब! पेशीचं मूळ अंग मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मग असं बघा. ते अंग म्हणजे वाशीममधलं तीस फूट रुंदीचं एक घर आहे असं धरा. तर त्या घराच्या मागच्या दारातून निघालेला धागा जवळजवळ छत्रपती संभाजीनगरच्या वेशीपर्यंत जातो.

आणि त्या धाग्याला रोज जेवू घालायचं असतं. दुरुस्तीचा माल, ऊर्जेची केंद्रं, प्रथिनं, बहुतेक सगळं वाशीमच्या घरात तयार होतं आणि तिथूनच रवाना होतं. धाग्याच्या आत बारीक नळ्यांचे रूळ टाकलेले असतात. त्यांवरून किनेसिन नावाचे हमाल पाठीवर ओझं घेऊन अक्षरशः पाय टाकत चालतात. एक पाऊल मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढं. अंगठ्यापर्यंत माल पोचायला अशी साडेबारा कोटी पावलं पडावी लागतात. घाईचा माल दोन-तीन दिवसांत पोचतो. पण काही प्रथिनं दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतात. ती आज कमरेतून निघाली, तर अंगठ्याशी पोचेपर्यंत तुमच्या शेतातून सोयाबीनची तीन पिकं निघालेली असतील.

कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला, शेत असलेल्या शेतकऱ्याला पुढचं सांगायला नको. कालवा कुठेही फुटो, कुठेही गाळ साचो, पाणी आधी बंद होतं ते टेलच्या शेताचं. अंगठा म्हणजे शरीराचं टेल. म्हणून सीएमटी तिथून सुरू होतो आणि वर सरकतो. अशक्तपणा गुडघ्याच्या जवळपास आला, की हाताच्या बोटांतही त्याची चाहूल लागते. का? कारण हातांचे तंतू पायांच्या तंतूंपेक्षा आखूड असतात, म्हणून त्यांची पाळी नंतर येते. आजार जणू शरीरात मोजपट्टी घेऊन फिरतो.

पण कालवा फुटतो कुठे? त्यासाठी धाग्यावरचं आवरण पाहायला हवं.

मज्जातंतू उघडा नसतो. त्याच्याभोवती श्वॉन पेशी गुंडाळलेल्या असतात. 'गुंडाळलेल्या' हा शब्द जपून वाचा, कारण एकेक पेशी स्वतःचं अंग पापडासारखं पातळ करून धाग्याभोवती डझनावारी वळसे घेते. हे थर मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे असतात, त्यांना मायलिन म्हणतात. एक श्वॉन पेशी जेमतेम मिलिमीटरभर जागा झाकते, मग एक उघडी फट, मग पुढची पेशी. म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत एका धाग्यामागे अशा हजाराहून अधिक पेशी रांगेत उभ्या आहेत, आणि प्रत्येकीने आयुष्यभर तेवढाच तुकडा सांभाळायचा! संदेश झाकलेल्या भागावर रेंगाळत नाही, तो या फटीवरून त्या फटीवर उडी मारत जातो. ओढा ओलांडताना आपण दगडांवरून जातो ना, तसा.

या उड्यांचा वेग किती? बर्लिनचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर म्हणत की तो माणसाला कधीच मोजता येणार नाही. १८५० मध्ये त्यांच्याच शिष्याने, हेर्मान हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला. आज तुमच्या हाताचा मोजायचा तर जिल्ह्याच्या शहरातला मेंदूविकारतज्ज्ञ दंडाला आणि मनगटाला विजेचा हलका झटका देतो आणि अंगठा किती वेळाने उडाला ते पडद्यावर बघतो. या तपासणीला एनसीव्ही म्हणतात. निरोगी हातात संदेश सेकंदाला ५०-६० मीटर धावतो. सीएमटीच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, ज्याला १ए म्हणतात, तो २० च्या आसपास येतो.

आवरणात असं काय बिघडलेलं असतं? याचं उत्तर मला तरी वाशीम जिल्ह्यातल्याच एका गावात नेऊन सोडतं.

कारंजा लाड. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून आपण ते ओळखतो. पण त्याच गावातल्या जैन मंदिरांत हस्तलिखित पोथ्यांची जुनी भांडारं आहेत. गेल्या शतकात त्यांतले अपभ्रंश ग्रंथ विद्वानांच्या हाती आले आणि पुष्पदंत कवीचा 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांच्या संपादनाने १९३१ मध्ये कारंजा ग्रंथमालेत छापला गेला. छापखान्याच्या आधी पोथी टिकायची ती एकाच मार्गाने, कुणीतरी ती हाताने उतरून काढायची. आणि उतरवणाऱ्याच्या हातून एक ठरावीक चूक होते. एकच ओळ ग्रंथात दोन ठिकाणी आली असेल, तर पोथीकडून कागदाकडे आणि कागदाकडून पुन्हा पोथीकडे जाताना डोळा चुकून दुसऱ्याच ठिकाणच्या त्या ओळीवर बसतो. मग मधला मजकूर एकतर दोनदा लिहिला जातो, नाहीतर सबंध गळतो. पोथ्या संपादणारे लोक ही चूक चटकन ओळखतात.

आपल्या प्रत्येक पेशीत अशी एक पोथी आहे, तीनशे कोटी अक्षरांची, आणि तिच्या दोन प्रती. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडवताना शरीर या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवतं आणि काही पानं हिची, काही पानं तिची असं घेत नवी पोथी लिहितं. सतराव्या गुणसूत्रावर चोवीस हजार अक्षरांचा एक उतारा दोन ठिकाणी येतो, जवळजवळ हुबेहूब. शंभरातली अठ्ठ्याण्णवहून अधिक अक्षरं सारखी! या दोन जुळ्या उताऱ्यांच्या मधोमध सुमारे चौदा लाख अक्षरांचं प्रकरण आहे. एका प्रतीवरून दुसरीवर जाताना शरीराचा डोळा पहिल्या उताऱ्याऐवजी दुसऱ्यावर बसला, की मधलं सबंध प्रकरण दोनदा उतरतं. कारंजाच्या लेखनिकाची चूक, तशीच्या तशी!

हे १९९१ मध्ये उघड झालं. अमेरिकेत ह्यूस्टनला जेम्स लुप्स्की आणि बेल्जियममध्ये अँटवर्पच्या गटाने, तेही एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दाखवून दिलं की सीएमटी १ए असलेल्या घराण्यांत हे प्रकरण तिसऱ्यांदा हजर असतं. आईची एक प्रत, बापाची एक, आणि ही आगंतुक तिसरी. पुढच्याच वर्षी कळलं की मायलिनला लागणाऱ्या एका प्रथिनाची, पीएमपी-२२ ची, कृती त्याच प्रकरणात लिहिलेली आहे.

क्षणभर इथे थांबू. या माणसाच्या पोथीत एकही अक्षर चुकलेलं नाही. काही गळलेलं नाही, काही मोडलेलं नाही. एक चांगलं, उपयोगी, हवंहवंसं जनुक दोनाऐवजी तीन वेळा आहे, एवढंच. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल. मीठ चांगलंच असतं, पण दोन चमच्यांच्या जागी तीन पडले की आमटी गेली. पीएमपी-२२ जास्त झालं की श्वॉन पेशीला आवरण नीट रचता येत नाही.

आणि ज्या पोथीतून ते प्रकरण गळलं, तिचं काय? तीही माणसं जगात आहेत. त्यांच्याकडे प्रत एकच उरते आणि त्यांचा आजार वेगळाच दिसतो. पंगतीत मांडी घालून बसलं की आपल्या पायाला मुंग्या येतात आणि दोन मिनिटांत जातात. यांचा पाय त्याच बसण्याने कित्येक दिवस, कधी आठवडे लुळा राहू शकतो. एकाच चुकीची ही दोन भावंडं!

ही चूक माणसाच्या वाट्याला आली कुठून, हेही ऐका. गोरिलाच्या पोथीत तो चोवीस हजार अक्षरांचा उतारा एकदाच येतो. चिंपांझीच्या पोथीत दोनदा, आपल्याही दोनदा. म्हणजे गोरिलाची वाट वेगळी झाल्यावर आणि चिंपांझीची वेगळी होण्याआधी, लाखो वर्षांपूर्वी, कुण्या एका पूर्वजात त्या उताऱ्याची जादा नक्कल झाली. रिसोडच्या मुलाची चप्पल निसटते त्याचं पहिलं कारण तिथे, त्या रानात आहे.

आता तुम्ही म्हणाल, संदेश हळू धावतो म्हणून पाय कमजोर होत असणार. मलाही आधी असंच वाटलं होतं. पण हिशेब करून बघा. मीटरभर अंतर, वेग ५० वरून २० वर. संदेश जायला एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाऐवजी विसावा भाग लागतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो! एवढ्या उशिराने कुणी अडखळत नाही. शिवाय हा मंदपणा अगदी लहानपणापासून असतो, पाय धडधाकट असतात तेव्हाही. मग खरी इजा कशाने होते? श्वॉन पेशी धाग्याला नुसती गुंडाळत नाही, ती त्याला आधार देते, पोसते. आवरण बिघडतं, सुटतं, पुन्हा गुंडाळलं जातं, पुन्हा सुटतं. सूक्ष्मदर्शकाखाली अशा मज्जातंतूचा आडवा छेद पाहिला तर धाग्याभोवती थरांवर थर दिसतात, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखे. डॉक्टरही त्याला कांदाच म्हणतात. वर्षानुवर्षं चाललेल्या या उकल-गुंडाळीत आतला धागा उपाशी पडतो आणि टेलच्या टोकाकडून वाळत येतो. धागा गेला की त्याचा स्नायू गेला.

आणि हे सगळं बाहेरून कसं दिसतं?

पावसाळ्यात काळ्या रानातून चाललात कधी? गाळ पायाला धरून ठेवतो, म्हणून आपण गुडघा उंच उचलतो आणि पाऊल थप्पकन टाकतो. पंजा उचलणारा नडगीवरचा स्नायू दुबळा झाला की माणूस कोरड्या डांबरी रस्त्यावर तसाच चालतो. बोटं जमिनीला अडकू नयेत म्हणून मांडीचे स्नायू सबंध पाय उंच धरतात. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. शरीर आपलं आपण उपाय काढतं, फक्त चार पावलांच्या कामाला आठ पावलांचा दम लागतो. म्हणून दुपारपर्यंत तो थकलेला असतो आणि आळशी ठरतो.

तळव्याकडे बघा. न्हाणीतून बाहेर आल्यावर फरशीवर उमटलेला आपला ओला ठसा मध्ये अरुंद असतो. याच्या ठशात टाच वेगळी, पंजा वेगळा, मध्ये काहीच नाही. पायाची कमान इतकी उंच का होते? पायात स्नायूंची रस्सीखेच सतत चालू असते, आणि एका बाजूचे गडी आधी थकतात. जे मागाहून थकणार असतात ते पाऊल आपल्याकडे ओढून घेतात. कमान वर येते, बोटं आखडून वळतात, टाच आत कलते. ताकद कमी झाल्याने हाड वाकतं, हे मला या सगळ्या प्रकरणात फार विलक्षण वाटतं.

तोंड धुताना काय होतं ते तर कुणालाही करून पाहता येईल. पाय जवळ घेऊन उभे राहा आणि डोळे मिटा. किंचित डुलाल, पण पडणार नाही. कारण घोटे, तळवे, बोटं क्षणोक्षणी वर कळवत असतात, वजन इकडे गेलं, तिकडे गेलं. ही खबर आणणारे तंतूही तेवढेच लांब, म्हणून तेही टेलला सुकतात. मग माणूस पायांचं काम डोळ्यांना देतो. दिवसा ठीक चालतं. साबण लावून डोळे मिटले की हात भिंत शोधतो. रात्री लाईट गेली की सवयीच्या घरातला ओळखीचा उंबराही परका होतो, आणि उशाशी टॉर्च असणं ही पाण्याच्या तांब्याएवढीच गरज होते.

गंमत म्हणजे यांना चालण्यापेक्षा नुसतं उभं राहणं अवघड जातं. रेशनच्या रांगेत बघा, हा माणूस सारखा पाय बदलतो, दोन पावलं पुढे, दोन मागे, खांबाला हात. स्थिर उभं राहणं म्हणजे घोट्याच्या स्नायूंनी न थांबता केलेल्या शेकडो छोट्या दुरुस्त्या. ते कारागीरच कामावर नसतील तर माणूस हलत राहूनच तोल सांभाळतो. सायकल थांबली की पडते, तसं.

हातांची पाळी आली की शर्टाची बटणं, कुलपातली किल्ली, सुईत ओवायचा दोरा, नोटा मोजणं, सगळंच अवघड होतं. भाकरी थापता येते, कारण ते काम खांद्याचं आणि तळहाताचं, पण तव्यावरून ती चिमटीत धरून उलटवणं जमेनासं होतं. आणि थंडीच्या सकाळी हीच बोटं आणखी निकामी होतात. उरलेले धागे गारठ्यात जास्तच कुरकुरतात.

आपल्याकडे एक अडचण खास आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. पंजा लोंबू नये म्हणून पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा काटकोनी आधार मिळतो. एएफओ म्हणतात त्याला. तो बसतो बुटात. पण आपण बूट काढतो तो उंबऱ्याबाहेर! घरात, देवळात, कुणाकडे हळदीकुंकवाला, सगळीकडे पायताण बाहेर. म्हणजे जिथे आपली माणसं भेटतात नेमकं तिथेच आधार दाराशी ठेवून आत जायचं. नुसता आधार फरशीवर घसरतो. बुटांचा एक धुतलेला जोड फक्त घरात घालायला ठेवला आणि घरच्यांनी 'असू दे' म्हटलं, तर केवढं काम होतं! यात शास्त्र कमी आहे आणि घराचं मन जास्त, पण मला हा उपाय औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विदर्भात लोंबणारा पंजा आणि बधिर तळवा दिसला, की आरोग्यसेवकाच्या मनात आधी कुष्ठरोग येतो. त्यात त्याचं चुकत नाही. अमरावतीचं तपोवन १९४६ चं, वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं, हा मुलूख त्या आजाराला जवळून ओळखतो. कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, म्हणून तो आधी तपासलाच पाहिजे. पण यात एक थक्क करणारं साम्य आहे. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात घर करतो ते नेमकं श्वॉन पेशीत! तीच गुंडाळणारी पेशी. एका आजारात तिच्यात पाहुणा शिरतो, दुसऱ्यात तिची पोथीच वेगळी असते. दोन्हींत कधी कधी मज्जातंतू जाड होऊन बोटाला लागतात. फरक असा की जंतू इथे एक, तिथे एक असे तंतू निवडतो आणि कातडीवर चट्टे ठेवून जातो. सीएमटी दोन्ही पायांत जवळजवळ सारखा चढतो, आणि तो कुणाच्या स्पर्शाने कुणाला होत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाच्या दारात आहे. सदाफुली. गुलाबी-पांढऱ्या फुलांचं ते साधं रोप. त्यातून व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध मिळतं आणि रक्ताच्या कर्करोगावर ते मोलाचं आहे. ते काम कसं करतं? पेशीतल्या त्या बारीक नळ्या मोडून. नळ्यांवाचून कर्करोगाच्या पेशीला दुभंगता येत नाही. पण त्याच नळ्या म्हणजे आपल्या हमालांचे रूळ! सीएमटी नसलेला रुग्ण हा धक्का बहुधा सोसतो. सीएमटी असलेल्याला मात्र त्याने हातपाय लुळे पडण्याइतकी इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून 'आमच्या घराण्याचे पाय असे' हे आजीचं वाक्य डॉक्टरांच्या कानावर घालणं इतकं गरजेचं आहे. ते वाक्य म्हणजे कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास.

घराण्यात हा उतरतो कसा? १ए मध्ये दर बाळंतपणाला आठ आणे शक्यता. मुलगा-मुलगी भेद नाही. आणि एकाच घरात एकाला आधार लागतो, तर दुसऱ्याचे नुसते पाय गार पडतात आणि सत्तरीपर्यंत काही कळतही नाही. दुसरे प्रकारही आहेत. काही एक्स गुणसूत्रावरून जातात, बापाकडून सगळ्या मुलींकडे, पण एकाही मुलाकडे नाही. काहींना आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. आतेमामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत अशी गाठ पडण्याचा संभव जास्त.

मघाच्या लुप्स्कींची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांना स्वतःला सीएमटी आहे. १९९१ मध्ये त्यांनी ते दुप्पट झालेलं प्रकरण शोधलं, जगभरच्या घराण्यांना उत्तर मिळालं, पण त्यांच्या स्वतःच्या पोथीत ते प्रकरण दुप्पट नव्हतंच! पुढे पूर्ण पोथी वाचण्याचं तंत्र आलं. २०१० मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची सगळी अक्षरं वाचून काढली आणि एका वेगळ्याच जनुकात दोन बारीक बदल सापडले, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. दुसऱ्यांचं कुलूप उघडल्यावर स्वतःच्या किल्लीसाठी एकोणीस वर्षं!

कारण सापडलं म्हणजे औषध सापडलं असं मात्र झालेलं नाही. २००४ मध्ये सीएमटीच्या उंदरांना साध्या क जीवनसत्त्वाने फरक पडला, तेव्हा केवढी आशा वाटली होती. चार आण्याची गोळी! माणसांवर काळजीपूर्वक चाचण्या झाल्या, उपयोग दिसला नाही. त्यामुळे 'नसा मोकळ्या करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा टाच ताणण्याचा रोजचा व्यायाम, पायाला बसणारा आधार आणि रात्री तळव्यांवर एक नजर, हे जास्त खरं. तळव्याला काटा लागलेला कळत नाही, तो डोळ्यांनी शोधावा लागतो.

आणि एक शस्त्रक्रिया. तिचा मोठा अनुभव आपल्या देशाला कुष्ठरोगामुळे मिळाला. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस निकामी हातांवर अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. लोंबणाऱ्या पंजासाठी त्या अशा होतात. पाऊल आत ओढणारा एक दणकट स्नायू नडगीच्या मागे असतो, रस्सीखेचीत जिंकलेला तोच गडी. त्याचं टोक सोडवून पुढे आणतात आणि पावलाच्या वरच्या अंगाला शिवतात. प्लास्टर निघतं. माणूस पंजा उचलायला जातो, काहीच होत नाही. कारण मेंदूला तो स्नायू अजून जुन्याच जागी आहे असं वाटतं. तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या ताई सांगतात, वर उचलू नका, पाऊल आत वळवायचं आहे असं मनात आणा. माणूस तसं मनात आणतो, आणि पाऊल वर उठतं.